कुमुदताई, आपलं अपील अजून चालू आहे

कुमुदताई,

तुम्ही गेल्यापासून दाराची घंटा वाजली की मी जागची हलत नाही. मिलिंद घरात असला तर तो उठतो. नसला तर इरा पडदा जरासा सरकवून बघते आणि दबक्या आवाजात सांगते, "दूधवाले भैया हैं, मम्मी." माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण घाबरली की ती हिंदीतच बोलते. आपल्या आईला दार उघडायची भीती वाटते हे तिला आता सवयीचं झालं आहे, आणि मला त्या सवयीचीच जास्त भीती वाटते.

तुम्ही होतात तेव्हाही मी घाबरायचेच. पण तेव्हा घंटा वाजली की आधी तुम्हाला फोन लावायची आणि मग कडी काढायची. तुम्ही म्हणायचात, "अगो, उघड. मी आहे कानाशी." दारात बहुतेक वेळा कुरियरवालाच असायचा. तुम्ही हसायचात आणि फोन ठेवायचात. तुमचा नंबर माझ्याकडे तसाच आहे. तुमच्या लेकाने, श्रीधरने, फोन अजून बंद केलेला नाही म्हणे. मी तो लावत नाही. पलीकडून दुसऱ्याच कुणाचा आवाज आला तर काय बोलणार?

काल तुमचं तेरावं झालं. लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. किती वर्षं वकिली केलीत, कोणकोणते खटले जिंकलात, बाईमाणूस असून त्या काळात काळा कोट घालून कशा निघायचात. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्या बोलण्यातल्या कुमुदताई कशालाच भीत नव्हत्या. मला त्या बाई ओळखीच्या वाटल्या नाहीत. मी ओळखत होते त्या कुमुदताईंचे हात कोर्टाच्या तारखेच्या सकाळी बर्फासारखे गार असायचे.

आपली खरी गाठ पडली तीही एका घंटेमुळेच. भर दुपारी वाजली होती ती. मी कणीक मळत होते. दारात कोर्टाने नेमलेला कमिशनर उभा होता, त्याच्या मागे मी सोडलेल्या कंपनीची दोन माणसं आणि जिन्यात एक शिपाई. कमिशनर सभ्य होता, हे सांगायलाच हवं. त्याने हुकूम वाचून दाखवला, पाणी मागून प्यायला आणि मग घर तपासायला सुरुवात केली. माझा लॅपटॉप घेतला, फोन घेतला, इराचा शाळेचा टॅबसुद्धा घेतला. कंपनीचा एक माणूस थेट स्वयंपाकघरात शिरला. पूर्वी तोच माणूस कारखान्यात माझ्या टेबलावर चहा आणून ठेवायचा. त्याने फळीवरची आलेपाकाची बरणी उचलली आणि कमिशनरला म्हणाला, "सर, ये भी." पंचनाम्यात लिहिलं गेलं, अदरकयुक्त पदार्थ, एक जार. माझ्या सासूबाईंच्या हातचा आलेपाक होता तो, खोकल्यासाठी केलेला. लाखेची मोहोर लावून तो कोर्टात गेला. शेजारच्या बायका जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. माझ्या हातांवरची कणीक वाळून गेली तरी हात धुवायला जाऊ का, हे विचारायचंही मला धैर्य झालं नाही.

ते गेल्यावर आई म्हणाली, "सिप्री मोहल्ल्यातल्या कुमुदकडे जा." तिची आणि तुमची ओळख हळदीकुंकवापुरती. आम्ही रेल्वेवाले, भुसावळकडून बदलीवर आलेले आणि इथेच राहिलेले. तुम्ही तर झाशीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांपैकी. तुमचं मराठी ऐकून मी लहानपणी हसायची, तुम्ही 'लवकर ये'ऐवजी 'वेगी ये' म्हणायचात म्हणून. त्या दिवशी तुम्ही मला बसायलाही सांगितलं नाहीत. सरळ विचारलंत, "चोरलंस का?"

मला रडू कोसळलं.

"रड. मी रडू नको म्हणत नाही. पण हो की नाही ते सांग."

"नाही."

"मग काय झालं ते पहिल्यापासून सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस."

मी सांगितलं. बरुआसागरच्या आल्याची पेस्ट करणारी कंपनी. कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून निघाले ती तिथेच लागले आणि माझं तरुणपण तिथेच गेलं. पेस्ट काळी पडू नये, कडू होऊ नये, बाटलीत फुगू नये, हे सगळं पाहायचं माझं काम. थोरले सेठजी होते तोवर बरं चाललं होतं. मग त्यांचा मुलगा हरीश आला आणि एक दिवस सगळ्यांपुढे कागद ठेवला, की नोकरी सोडली तरी आल्याच्या धंद्यात पुन्हा कुठेच काम करणार नाही. मी सही केली नाही. काही महिन्यांनी राजीनामा दिला. चिरगाँवला बायकांचा एक गट पेस्टचं छोटं युनिट घालत होता, तिकडे जाऊ लागले. लगेच कंपनीने दावा ठोकला, की बाईने आमची गुप्त कृती चोरली आणि आमचे व्यापारी आणि त्यांचे दर घेऊन गेली. पुरावा काय, तर कंपनीच्या मेलवरून मी माझ्याच मेलवर पाठवलेले कागद. ते मी वर्षानुवर्षं पाठवत होते. रविवारी घरून काम कर, असं सेठजीच सांगायचे.

"व्यापाऱ्यांचे दर आहेत तुझ्या मेलमध्ये?" तुम्ही विचारलंत.

"आहेत. पण मी ते कुणाला दाखवले नाहीत."

"ते त्यांचे आहेत," तुम्ही म्हणालात. "हे आत्ताच ध्यानात ठेव."

मला तुमचा राग आला होता. वकील माझी आणि बाजू त्यांची घेते, असं वाटलं.

इथल्या कोर्टात आपण हरलो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मी आल्याच्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, चिरगाँवच्या युनिटात पाऊल टाकायचं नाही, असा मनाई हुकूम निघाला. त्या दिवसांबद्दल आपण फारसं कधी बोललोच नाही, म्हणून आता सांगते. मला सगळ्याची भीती वाटायला लागली होती. बाजारात भाजीवाली म्हणायची, "दीदी, नया अदरक है, तोड़ के देखो," आणि मी मागे वळून बघायची, कुणी पाहतंय का. आलं मोडून त्यातले धागे बघायची माझी जुनी सवय, तीही आता गुन्हा झाला की काय असं वाटायचं. जे मला येत होतं त्यातलं कुठलं माझं आणि कुठलं त्यांचं, हे मला स्वतःलाच सांगता येईना. माणसाच्या डोक्यावर मनाई हुकूम कसा बजावतात? रात्री झोप लागायची, पण पहाटे जाग येताना आधी छातीत धडधड व्हायची आणि मग आठवायचं, की हो, आपल्यावर खटला आहे.

तुम्ही म्हणालात, अपील करू. हायकोर्टात.

प्रयागराजला जाताना गाडीत तुम्ही फार बोलायचा नाहीत. फाइल मांडीवर आणि डोळे खिडकीबाहेर. मी विचारायची, "जिंकू ना, ताई?" तुम्ही म्हणायचात, "मी तसं म्हणणार नाही. मी नीट उभी राहीन, एवढं म्हणते." तेवढ्याने माझं समाधान व्हायचं नाही. मला कुणीतरी खोटं का होईना, पण हो म्हणायला हवं होतं.

सुनावणीच्या दिवशी हायकोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही मला फाइल धरायला दिलीत आणि बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेलात. बराच वेळ आला नाहीत. आपल्या नावाचा पुकारा होईल म्हणून मी तुमच्या मागे आले. तुम्ही बेसिनला धरून वाकला होतात. तोंड धुतलंत, गळ्याचे पांढरे बँड नीट केलेत आणि आरशातच मला पाहिलंत.

"ओकारी झाली. दर वेळी होते."

मी घाबरले. "डॉक्टरांना दाखवू या. तारीख मागून घेऊ."

"आजार नव्हे गो. भीती आहे. पहिल्या केसपासून आहे."

"तुम्हाला कसली भीती? तुम्ही तर वकील."

"मागच्या बाकावर तुझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं ना," तुम्ही म्हणालात, "त्याची."

मग माझं मनगट धरून तुम्ही कोर्टरूमपर्यंत चालत आलात. लोकांना वाटलं असेल, म्हातारीला आधार देऊन नेते आहे. कुणी कुणाला धरलं होतं ते आपल्याला ठाऊक.

दोन न्यायाधीश होते. कंपनीचा वकील दिल्लीहून आलेला, फार छान बोलणारा. त्याने माझं नाव इतक्या वेळा घेतलं, की मला ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटायला लागलं, एखाद्या लबाड, थंड डोक्याच्या बाईचं. तुम्ही उठलात. पहिलं वाक्य काय बोललात, तर, "हुज़ूर, व्यापारियों के रेट की सूची कंपनी की है। मेरी मुवक्किल उसे लौटा रही है। उसने उसका इस्तेमाल नहीं किया, और करेगी भी नहीं।"

मला वाटलं, तुम्ही मला विकलंत. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. उठून काहीतरी ओरडावं असं वाटत होतं.

मग तुम्ही कृतीकडे वळलात. "मेरी मुवक्किल ने क्या चुराया है, यह मैं पहले दिन से पूछ रही हूँ। कंपनी कहती है, हम बता नहीं सकते, क्योंकि वह गुप्त है।"

मोठे न्यायाधीश हसले नाहीत. कंपनीच्या वकिलाला म्हणाले, बंद लिफाफ्यात द्या, आम्ही वाचू. लिफाफा वर गेला. दोघांनी वाचला, पानं मागेपुढे केली. कोर्टरूममध्ये फक्त पंख्याचा आवाज. मला वाटत होतं, त्या पानांवर माझं सगळं आयुष्य लिहिलेलं असेल आणि ते आता मोठ्याने वाचतील. धाकटे न्यायाधीश म्हणाले, "वकील साहब, इसमें वह कौन-सी बात है जो इस विषय की पढ़ाई में नहीं सिखाई जाती? वही एक बात उँगली रखकर बता दीजिए।"

वकिलाने वेळ मागून घेतला. पुढच्या तारखेलाही त्याला ते सांगता आलं नाही.

निकाल आला तो अर्धा आपला आणि अर्धा त्यांचा. यादी परत करायची, तिचा वापर कधी करायचा नाही. पण माणूस काम करून जे शिकतो, हाताला जे वळण लागतं, ते नोकरी सोडताना कारखान्यात काढून ठेवता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. मी काम करू शकत होते. मूळ दावा झाशीत चालू राहील आणि कंपनीला खरंच काही वेगळं, फक्त आपलंच असं दाखवता आलं, तर तिथे दाखवावं.

परतीच्या गाडीत मी तुम्हाला विचारलं, ती यादी पहिल्या वाक्यातच का देऊन टाकलीत?

"जे त्यांचं आहे ते त्यांचं म्हटलं, म्हणून जे तुझं आहे ते तुझं म्हणता आलं," तुम्ही म्हणालात. "आता गप्प बस. मला भूक लागली आहे." आणि माझ्या डब्यातल्या सगळ्या पुऱ्या तुम्ही एकटीने संपवल्यात. तुम्हाला इतकं पोटभर जेवताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ताई. जिंकलेल्या माणसाला वाटतं, पुढे वेळच वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी चिरगाँवला फोन केला. तिथल्या कमला भौजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हओ दीदी, तो मसीन चालू कर दएँ?" मी हो म्हटलं. खूप दिवसांनी माझ्या तोंडून घाबरल्याशिवाय हो निघालं होतं.

तो आनंद टिकला नाही. कंपनी दिल्लीला गेली. सुप्रीम कोर्टाची नोटीस आली तेव्हा मी ती तुमच्याकडे आणली, न फोडता. पाठोपाठ हरीशकडून निरोपही आला. एका माफीनाम्यावर सही करायची, की मी कंपनीची गोपनीय माहिती चोरली आणि तिचा गैरवापर केला. आल्याच्या धंद्यात पुन्हा येणार नाही. आणि चिरगाँवची पेस्ट त्या चोरीवर उभी होती, म्हणून तीही बंद. एवढं केलं की सगळे दावे मागे. नाहीतर पोलिसांतही तक्रार होईल.

मला वाटलं, तुम्ही तो कागद टराटरा फाडाल.

त्या दुपारी तुम्ही उन्हात ओसरीवर मटार सोलत बसला होतात. कागद वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, "सही कर आणि मोकळी हो."

मी ऐकलं ते खरं की काय, तेच मला कळेना. "चोरली असं लिहून देऊ?"

"लिहिलं म्हणून ते तसं होतं का?"

"वकील असून तुम्ही असं म्हणता?"

"वकील आहे म्हणूनच म्हणते. कागदावर काय काय लिहिलं जातं ते मी जन्मभर पाहिलंय. तू घाबरून घाबरून अर्धी झालीस. पोर तुझी घंटेला दचकते. किती वर्षं काढशील अशी?"

"आणि चिरगाँवच्या बायका?"

तुम्ही एक शेंग घेतलीत, सोललीत. दाणे भांड्यात पडले नाहीत, खाली घरंगळले. मी ते वेचायला वाकले तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून म्हणालात, "दिल्ली लांब आहे गो. मी पुरणार नाही तुला."

"म्हणजे काय? बरं नाही का तुम्हाला?"

"म्हातारी झाले, म्हणजे काय म्हणजे काय."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही दमलात म्हणून मी चोर व्हायचं का? तुमचा चेहरा पडला. काहीतरी बोलणार होतात तेवढ्यात फाटकाशी कुणी अशील आला आणि तुम्ही पदर सावरत उठलात. "उद्या ये. उद्या नीट बोलू." मी निघून आले. दुसऱ्या दिवशी इराला ताप होता. त्याच्या पुढच्या दिवशी श्रीधरचा फोन आला. कोर्टातून आलात, कोट खुंटीला लावलात, कामवाल्या बाईकडे पाणी मागितलंत आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं.

खरं सांगते ताई, पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही. मला भीती वाटली. माझं आता काय होणार, हे पहिलं मनात आलं. दुःख नंतर आलं, तुमच्या ओसरीवर ते मटाराचं भांडं तसंच झाकून ठेवलेलं पाहिल्यावर.

तुम्हाला ठाऊक होतं का? डॉक्टरांनी काही सांगितलं होतं का? श्रीधर म्हणतो, घरात कुणालाच काही माहीत नाही. म्हणजे 'मी पुरणार नाही' हे तुम्ही नुसतं म्हणालात, की जाणून म्हणालात, हे मला कधीच कळणार नाही. जाणून म्हणाला असाल, तर मला एकटं मागे सोडायची तुम्हाला किती भीती वाटली असेल! आणि नुसतंच म्हणाला असाल, तर मग मी तुमचं ऐकायला हवं होतं का?

तुमच्याकडे भेटायला येणाऱ्यांत एक दिवस हरीशही आला. पांढरा कुर्ता घालून, हात जोडून. झाशीत सगळे सगळ्यांना ओळखतात. श्रीधरने खुर्ची दिली, तो माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसला. तुमच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाला, "बहुत बुरा हुआ, वैशालीजी। अब आप किसके सहारे लड़ेंगी?"

मी खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

"साइन कर दीजिए। हमारी आपसे कोई दुश्मनी थोड़े है।" मग तो जरा माझ्याकडे झुकला. "कुमुद दीदी ने भी तो आपको यही सलाह दी थी।"

ओसरीवर आपण दोघीच होतो. हे त्याला कसं कळलं? मी तिथून उठले, श्रीधरला न सांगता बाहेर पडले आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. इतक्या सगळ्या काळात मला पोलिसांची भीती वाटली, कोर्टाची वाटली, हरीशची वाटली. तुमची कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. तुम्ही त्यांच्याशी बोलला होतात. माझ्या मागे. कधीपासून? काय ठरवून?

घरी येऊन मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "बोलल्या असतील. वकील एकमेकांशी बोलतातच. तुला काही सवलत मिळते का, बघत असतील."

"मला का नाही सांगितलं मग?"

"ते मला काय माहीत?" आणि मग त्याने तेच म्हटलं ज्याची मला धास्ती होती. "पण वैशाली, ताईसुद्धा सही कर म्हणाल्या ना. मीही तेच म्हणतो. बस झालं आता."

इरा दारात उभी होती. म्हणाली, "मम्मी, साइन करने से वो लोग फिर नहीं आएँगे ना?" मला वाटतं, त्या क्षणी तो कागद समोर असता तर मी सही केली असती.

पुढचे दोन-तीन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. तुम्ही काय बोलला असाल त्यांच्याशी? तुमचा एक चेहरा मी ओळखत होते, आणि हा हरीशने दाखवलेला दुसरा. दोन्ही खरे असतील तर मी कुणाला धरून उभी होते? मला याचं उत्तर मिळालं नाही. मिळायचा मार्गही नाही. ज्या एका माणसाने सांगायचं होतं ते माणूसच गेलं. शेवटी मी एवढंच केलं, की जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढं खरं धरलं. बेसिनला धरून वाकलेल्या तुम्हाला मी पाहिलं होतं. तोंड धुऊन तुम्ही त्या कोर्टरूममध्ये शिरलात, तेही पाहिलं होतं. बाकी ज्या गोष्टी मी पाहिल्या नाहीत, त्यांच्यावरून मी तुम्हाला सोडणार नाही.

आज सकाळी झाशीच्या कोर्टात आपली तारीख होती. मूळ दाव्याची. मिलिंद येतो म्हणाला, पण त्याच्या बँकेत तपासणी चालू होती. मी म्हटलं, नको, मी जाते. नवा वकील अजून ठरलेला नाही. प्रयागराजला तुमच्याबरोबर जे उभे राहायचे ते वकीलसाहेब दिल्लीचं बघतो म्हणाले आहेत, पण इथलं नाही.

मी मागच्या बाकावर बसले. पुकारा झाला. कंपनीचे इथले वकील पुढे झाले. आपल्या बाजूला कुणी नव्हतं. पुकारा करणाऱ्या पेशकाराने पुन्हा नाव घेतलं आणि इकडेतिकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं, की आता मीच उठायला हवं. कसे गेले पुढे, मला आठवत नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "आपके वकील?"

ताई, तोवर मी ते वाक्य तोंडाने कधी उच्चारलंच नव्हतं. घरात सगळे 'ताई गेल्या' म्हणत होते, मी नुसती मान हलवत होते. तिथे भरल्या कोर्टात पहिल्यांदा म्हटलं, "उनका देहांत हो गया।" काही वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. न्यायाधीश म्हणाले, "हाँ। हमें मालूम है। बैठ जाइए चाहें तो।"

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

कंपनीचे वकील नम्रपणे म्हणाले, "श्रीमान, दोनों पक्षों में समझौते की बात चल रही है। दीदी के समय से ही। शायद इस मुक़दमे की अब ज़रूरत न पड़े।"

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "ऐसा है?"

पोटातून काहीतरी वर येत होतं आणि मी ते गिळत होते. समोर फक्त हो म्हणायचं होतं. तुम्ही सांगितलं होतंत, मिलिंदने सांगितलं होतं, पोरीने विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर या खोलीत मला परत कधी यावं लागलं नसतं.

"नहीं सर," मी म्हटलं. "मैंने चोरी नहीं की। मैं यह लिखकर नहीं दूँगी।"

"वकील कर लेंगी?"

"कर लूँगी। थोड़ा समय दीजिए।"

त्यांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेला माझी साक्ष आहे आणि नंतर उलटतपासणी. म्हणजे कंपनीचे वकील मला समोर उभी करून विचारत राहणार आणि मधे हरकत घ्यायला तुम्ही नसणार. घरी आल्यापासून माझे हात अजून गारच आहेत. मिलिंद अबोला धरून बसला आहे. इराला मी अजून काही सांगितलेलं नाही.

शेवटच्या भेटीतलं आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि आज मी ते तुमच्या पाठीमागे एकटीनेच निकाली काढलं. तुम्ही सही कर म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलं नाही. यात तुमचं बरोबर होतं की माझं, हे मला आज माहीत नाही, आणि बरोबर तुमचंच होतं असं कळायची मला फार भीती वाटते. पण तारीख घेऊन बसले आहे, ताई, आणि त्या तारखेला मी जाणार आहे.

तुमची,
वैशाली